तीन तारा उतरवून



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'गिटार' असे एका शब्दात उत्तर दिले. त्यावर चालकांच्या चेहऱ्यावर उमटलेली काळजी आम्हांला स्पष्ट दिसली. ज्या व्यासपीठावरून पाण्याचा प्रश्न, संतवाङ्मय आणि अर्थसंकल्प यांची चर्चा व्हायची, तेथे हे पोकळ लाकूड घेऊन हा गृहस्थ काय सांगणार, अशी ती काळजी होती. ती रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की गिटारचा इतिहास, तिचे घराणे, तिचे थोर वादक यांपैकी काहीही समग्र सांगण्याचा आमचा विचार नाही. या वाद्याच्या सहा तारांपैकी तीन तारा थोड्या उतरविल्या, तर तिच्यावर एक साधा थाट शिकणाऱ्या माणसाच्या हाताचे आणि कानाचे काय होते, एवढेच आज पाहायचे आहे. विषय इतका लहान आहे, तरी तास पुरेल की नाही अशी आम्हांला शंका वाटते.

प्रथम तारांची ओळख करून घेऊ. गिटारवाले तारा मोजतात त्या बारीक तारेपासून. सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. रूढ जुळणीत सहावीपासून पहिलीपर्यंत त्यांचे सूर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात. या इंग्रजी अक्षरांची धास्ती घेण्याचे कारण नाही. आपल्या घरच्या पेटीवर पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, असे मोजत गेले की झाले. या जुळणीत प्रत्येक तार आपल्या जाड शेजारणीच्या मध्यमावर बसते. अपवाद एकच. तिसरीवरून दुसरीकडे जाताना मध्यमाऐवजी शुद्ध गंधाराचे अंतर आहे. ही रचना मोठ्या शहाणपणाची आहे. तीमुळे हात फारसा न हलवता कोणत्याही पट्टीतले स्वर आणि स्वरसंघात, म्हणजे ज्यांना कॉर्ड म्हणतात ते, बोटांखाली येतात. सर्व पट्ट्यांना सारखाच न्याय मिळतो. पण सर्वांना सारखा न्याय देणाऱ्याच्या घरी कोणा एकाचा विशेष पाहुणचार होत नाही. सहाही तारा मोकळ्या छेडल्या तर जे ऐकू येते ते असे.

(येथे वक्त्यांनी मोकळ्या तारा छेडून दाखविल्या.)

याला बेसूर म्हणता येणार नाही. पण येथे षड्ज कोठे आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. आता आम्ही तीन तारा उतरवितो. सहावी ईवरून डीवर, पहिलीही ईवरून डीवर, आणि दुसरी बीवरून एवर. प्रत्येक तार एकेक पूर्ण स्वर खाली येते. उरलेल्या तिघींना हात लावायचा नाही. आता सहावीपासून सूर झाले डी, ए, डी, जी, ए, डी. गिटारवाले ही अक्षरे जोडून 'डॅडगॅड' असा शब्द करतात; तो तोंडात बसायला चमत्कारिक वाटतो. आपण मात्र पांढरी दोन हा षड्ज धरू आणि आपल्या भाषेत वाचू. सा, प, सा, म, प, सा.

(येथे पुन्हा मोकळ्या तारा छेडल्या.)

आता आपल्यापैकी काहीजणांनी मान डोलावली ती आम्ही पाहिली. तानपुऱ्याची पहिली तार आपण पंचमात लावतो, आणि मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग गायचा असला तर तीच मध्यमात उतरवितो. येथे पंचम आणि मध्यम दोन्ही शेजारी शेजारी बसले आहेत, आणि वर, मध्ये व खाली षड्ज पहारा देतो आहे. राग बदलला की तार बदलायची ही गोष्ट आपल्या गवयाला नवी नाही. सारंगीच्या तरफा तर प्रत्येक रागाला नव्याने लावाव्या लागतात. नवल वाटले ते पाश्चात्त्यांना, आणि तेही थोड्यांनाच. हवाई बेटांवरील लोक एकोणिसाव्या शतकापासून गिटारच्या तारा सैल करून वाजवीत आले आहेत.

या विशिष्ट जुळणीची कथा मात्र मोरोक्कोतील आहे. डेव्ही ग्रॅहॅम नावाचा एक इंग्रज वादक होता. जन्म 1940, मृत्यू 2008. वडील स्कॉटलंडचे आणि आई दक्षिण अमेरिकेतील गयानाची. 1960 नंतरच्या दोनतीन वर्षांत तो भटकत भटकत टँजिअरला गेला आणि तेथील औदवादकांबरोबर बसू लागला. औद हे बिनपडद्याचे अरबी तंतुवाद्य. त्यावर सूर हवा तेथे थांबविता येतो आणि मोकळ्या तारांचा गुंजारव चालू ठेवता येतो. गिटारचे पडदे काही उपटून टाकता येत नव्हते, तेव्हा ग्रॅहॅमने निदान गुंजारव तरी साधावा म्हणून तारा उतरविल्या. आपण पाहतो ती जुळणी त्यातून रुळली. परत गेल्यावर 1963 साली त्याने एका आयरिश गीताची चाल या जुळणीत वाजवून ध्वनिमुद्रित केली. 'शी मूव्हड थ्रू द फेअर' हे ते गीत. जुन्या लोकधुनेवर पॅड्रिक कोलम या कवीने शब्द रचले आणि 1909 साली हर्बर्ट ह्यूजने ते छापले. अरबांच्या साथीसाठी केलेली जुळणी आयर्लंडच्या चालीला लागू पडली, आणि ऐकणाऱ्या आपल्या माणसाला सतारीवरील आलापाची आठवण व्हावी असे ते वादन झाले. याचे कारण फार गूढ नाही. तिन्हीकडे आधी एक षड्ज स्थिर असतो आणि चाल त्याच्याभोवती फिरते. स्वरसंघात एकामागून एक बदलत नेण्याची युरोपीय रीत या तिन्हींच्या मुळाशी नाही.

पुढे ही जुळणी अनेकांनी उचलली. जिमी पेज याने 1969 च्या ध्वनिमुद्रिकेत तिच्यावर एक गत वाजविली, तिला तबल्याची साथ विराम जसानी यांची होती. 1951 साली जन्मलेल्या मीहॉल ओ डोनल याने ती आयरिश वृंदवादनात रुळविली. अल्जीरियातील ओरान येथे 1957 साली जन्मलेला फ्रेंच वादक पियेर बेन्सुसाँ याने तर बाकीच्या सर्व जुळण्या सोडून आयुष्यभर हीच एक धरली. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

या जुळणीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे जी तिच्यात नाही ती. सा, प, सा, म, प, सा. गंधार कोठे आहे? तो मोकळ्या तारांत नाही. पाश्चात्त्य संगीतात आनंद आणि विषाद यांची विभागणी बव्हंशी गंधारावर चालते. शुद्ध गंधार आला की मेजर, कोमल आला की मायनर. पुष्कळशा मोकळ्या जुळण्यांत गंधार आधीच ठरलेला असतो, म्हणजे वादकाने तोंड उघडण्यापूर्वीच घरचा स्वभाव ठरून जातो. या जुळणीत तो निर्णय वादकाच्या बोटावर सोडलेला आहे. म्हणूनच एक थाट शिकायला ती उत्तम. गंधार तुम्ही आणाल तेव्हा येईल, आणि आला की त्याचे वजन कळेल.

आता थाट कोणता घ्यावयाचा? पाश्चात्त्यांचे जे प्राचीन 'मोड' आहेत, त्यांतील मिक्सोलिडियन नावाचा मोड आम्ही घेतो. नावाने घाबरू नये. सा रे ग म प ध शुद्ध किंवा आपापल्या मूळ जागी, आणि निषाद तेवढा कोमल, म्हणजे आपला खमाज थाट. मुंबईच्या वाळकेश्वरी जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी जे दहा थाट मांडले, त्यांपैकी सहा थाट या मोडांशी स्वरशः जुळतात. बिलावल आयोनियनशी, काफी डोरियनशी, भैरवी फ्रिजियनशी, कल्याण लिडियनशी, खमाज मिक्सोलिडियनशी आणि आसावरी एओलियनशी. सातवा जो लोक्रियन, त्यात शुद्ध पंचमच नाही, म्हणून त्याला आपल्याकडे थाटाची जागा मिळाली नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी यांना त्यांच्या सात मोडांत घर नाही.

येथे एक खबरदारी घ्यावयास हवी, नाहीतर सभेतील गवई मंडळी आम्हांला घरी जाऊ देणार नाहीत. थाट म्हणजे राग नव्हे. थाट ही स्वरांची यादी आहे, वाण्याच्या दुकानातील यादीसारखी. स्वयंपाक पुढेच आहे. खमाज रागातच पाहा, आरोहात ऋषभ वर्ज्य, आणि चढताना निषाद शुद्ध, उतरताना कोमल. म्हणजे खमाज थाट सरळ चढून उतरला तर खमाज राग होत नाही. आयरिश चालीचेही तसेच आहे. तिला तिची स्वतःची वळणे आहेत. आज आपण यादी शिकणार आहो, पण यादी शिकतानाही काही गोष्टी कळतात.

आधी जुळवायचे कसे ते सांगतो, कारण यंत्र लावून सूर पाहण्याच्या दिवसांत कानाने जुळविणे मागे पडत चालले आहे. चौथी तार डीवर आहेच, ती प्रमाण धरावी. सहावी तार उतरवीत न्यावी, आणि बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, बोटाचा नुसता स्पर्श करून जो घंटेसारखा सूर निघतो, तो चौथीच्या मोकळ्या सुराशी मिळेपर्यंत उतरवावी. पहिली तार उतरविताना उलट करावे. चौथीच्या मध्यावर तसाच स्पर्श करावा आणि मोकळी पहिली त्याला मिळवावी. दुसरी तार तिसरीच्या दुसऱ्या पडद्याशी मिळवावी. दोन सूर जवळ आले की हेलकावे ऐकू येतात. आधी जलद, मग संथ, मग नाहीसे. तानपुरा लावणाऱ्यांना हे सांगायला नको. तार उतरविताना थोडी जास्त उतरवावी आणि मग वर चढवीत सुरावर आणावी, नाहीतर ती खुंटीवर सैल राहून थोड्याच वेळात आणखी उतरते.

या उतरविण्याने तारेचा ताण किती कमी होतो? ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ईची कंपने सेकंदाला सुमारे 82.4, खालच्या डीची 73.4. हिशेब केला तर ताण जवळजवळ एक पंचमांशाने कमी होतो. म्हणून उतरविलेली जाड तार जोराने छेडली तर पडद्यांवर खरखरते. तार किंचित जाड घ्यावी किंवा हात हलका ठेवावा. आमचे मत हात हलका ठेवण्याच्या बाजूचे आहे.

आता स्वर. शिकणाऱ्याने सहा तारांकडे एकदम पाहू नये. तीन तारा डीच्या आहेत, दोन एच्या, एक जीची. म्हणजे पाठ करावयाच्या तारा तीनच, बाकीच्या त्यांच्या बहिणी. प्रथम एकट्या पहिल्या तारेवर, सतारीसारखे, खालपासून वरपर्यंत जावे. मोकळी तार सा, दुसरा पडदा रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, दहावा कोमल नी, बारावा तार षड्ज. अंगठ्याने सहावी, पाचवी आणि चौथी या तारा सावकाश वाजत ठेवाव्या. आम्ही आठ दिवस एवढेच केले, आणि ते कंटाळवाणे झाले नाही. या एका तारेवर स्वरांमधील अंतरे डोळ्यांना दिसतात. ग आणि म शेजारी, ध आणि नी शेजारी, बाकी सर्वत्र एकेक पडदा मोकळा. आणि प्रत्येक स्वर आधी गळ्याने म्हणावा, मग बोटाने काढावा. बोट आधी गेले की कान झोपतो.

मग सप्तक आडवे घ्यावे. चौथी तार: मोकळी सा, दुसरा पडदा रे, चौथा ग. तिसरी तार: मोकळी म. दुसरी तार: मोकळी प, दुसरा ध, तिसरा कोमल नी. पहिली तार: मोकळी सा. आठ स्वरांपैकी चार स्वर मोकळ्या तारांचे.

आता प्रामाणिकपणे सांगावयास हवे की नुसती ही शिडी चढणे रूढ जुळणीतही अवघड नाही. तेथेही चौथ्या तारेवरून पहिल्या तीन पडद्यांत आणि एका चौथ्यात हे सप्तक बसते. तेव्हा अमुक जुळणीत बोटे सोपी पडतात असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर ते अर्धेच खरे. फरक पडतो तो शिडीच्या आसपास काय घुमते त्यात. रूढ जुळणीत तुम्ही डी हा षड्ज धरून वाजवीत असता, आणि शेजारच्या मोकळ्या तारा ऋषभ आणि धैवत घुमवीत असतात. सर्वांत जाड तार तर षड्जाच्या खाली ऋषभ धरून बसलेली असते. येथे तुम्ही वाजवाल त्या प्रत्येक स्वराला सा, म किंवा प यांच्या समोर उभे राहून उत्तर द्यावे लागते. कोमल निषाद म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळत नाही. दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर तो काढला, पहिली तार मोकळी घुमते आहे, आणि तो षड्जाच्या एक पायरी खाली कसा रेंगाळतो हे ऐकले, म्हणजे कळते.

(येथे कोमल निषाद आणि षड्ज आळीपाळीने वाजवून दाखविले, मग शुद्ध निषाद.)

ऐकलेत? शुद्ध निषाद चौथ्या पडद्यावर आहे, एकच पडदा पुढे, आणि तो धावत षड्जाकडे जातो. कोमल निषादाला घाई नाही. आयरिश चालींचा जो एक विशिष्ट उदास मोठेपणा आपल्याला जाणवतो, त्याचा पुष्कळसा भाग या न धावणाऱ्या निषादात आहे. त्याला साथ हवी असल्यास पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एक बोट, चौथीच्या दुसऱ्या पडद्यावर दुसरे, बाकी सर्व मोकळे. मग दोन्ही बोटे उचलून सर्व तारा मोकळ्या. या दोन अवस्थांत झुलत राहिले तरी एक संपूर्ण गीत साथीला बसते.

उतरताना एक वेगळा मार्ग सांगतो, कारण त्याच्याशी एका माणसाची हकीकत जोडलेली आहे. तार षड्ज पहिल्या तारेवर मोकळा. कोमल नी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. धैवत मात्र दुसऱ्या तारेवर न घेता तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर. मग पंचम मोकळ्या दुसरीवर, मध्यम मोकळ्या तिसरीवर, गंधार चौथीच्या चौथ्यावर, ऋषभ दुसऱ्यावर, षड्ज मोकळा. असे केल्याने जवळजवळ प्रत्येक स्वर वेगळ्या तारेवर पडतो, आणि आधीचा स्वर विझण्यापूर्वी पुढचा वाजतो. देवळातील लहानमोठ्या घंटा एकापाठोपाठ वाजाव्या तसे. आणि या उतरणीला डाव्या हाताची दोनच बोटे लागतात. तर्जनी आणि मधले.

आमच्याकडे एक गृहस्थ येत असत. तरुणपणी हौशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत. पुढे कारखान्यात प्रेसवर काम करताना डाव्या हाताच्या अनामिकेचे व करंगळीचे शेंडे गेले. गिटार कपाटावर चढली ती बारा वर्षे उतरली नाही. आमच्याकडे ते वाजवायला येत नसत, ऐकायला येत. एकदा आम्ही गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. ते म्हणाले, "मास्तर, हे आता आपल्याच्याने व्हायचे नाही. सी म्हटले की तीन बोटे लागतात, एफ म्हटले की चार." आम्ही म्हणालो, "सीही नको, एफही नको. तारा मोकळ्या छेडा." त्यांनी छेडल्या. नंतर आम्ही ही उतरण दाखविली. पहिल्या दिवशी त्यांना ती सुमारे वीसदा करावी लागली. विसाव्या वेळेनंतर ते काही बोलले नाहीत. आपण होऊन एकविसाव्यांदा वाजवू लागले.

यात चमत्कार काही नाही, आणि तसे आम्ही त्यांना भासविलेही नाही. जे स्वरसंघात चार बोटांनीच होतात ते त्यांना आजही येत नाहीत. चौथ्या तारेवर रे आणि ग जलद घेताना त्यांना हात सरकवावा लागतो. पण संध्याकाळी अर्धा तास ते वाजवितात. जगातही अशी उदाहरणे आहेत. कॅनडातील गायिका जोनी मिचेल यांना वयाच्या नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात अशक्त राहिला, आणि रूढ जुळणीतील अवघड पकडी जमेनात म्हणून त्यांनी डझनावारी वेगळ्या जुळण्या शोधल्या. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी हा डावखुरा वादक 1965 साली, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला. पुढे त्याने तारा उतरवून ताण हलका केला. संगीताचे इतिहास लिहिणारे जुळणीचे श्रेय कल्पकतेला देतात. पुष्कळदा ते दुखऱ्या बोटाला द्यावयास हवे.

ज्यांची दहाही बोटे शाबूत आहेत त्यांची अडचण निराळी असते. त्यांचा हात फार शिकलेला असतो. पंधरा वर्षे रूढ जुळणीत वाजविणाऱ्याचा हात नव्या जुळणीत जुन्या जागी जातो, विकलेला बैल जुन्या गोठ्याकडे वळतो तसा, आणि तेथे भलताच सूर निघतो. तरुणांना याचा राग येतो. पन्नाशीच्या माणसाला भीती वाटते. आपण कमावले ते सारे गेले की काय, अशी ती भीती असते. ते जात नाही. एवढेच की बोटांना ठाऊक होते ते आता कानाला विचारावे लागते. आम्हांला स्वतःला तीन आठवड्यांनी दोन्ही जुळण्या दोन खोल्यांसारख्या वेगळ्या वाटू लागल्या. एका खोलीत शिरल्यावर दुसरीतील सामान आठवत नाही. कोणाला यापेक्षा कमी दिवस लागतील, कोणाला जास्त.

खमाज हाताला बसला की एकेक स्वर बदलून पाहावा. चौथीवरील गंधार चौथ्या पडद्यावरून तिसऱ्यावर आणला की काफी. त्यात धैवतही दुसरीच्या पहिल्या पडद्यावर आणला की आसावरी. त्यातील ऋषभ चौथीच्या पहिल्यावर आणला की भैरवी. खमाजातून फक्त निषाद चौथ्यावर नेला की बिलावल. कल्याणला मात्र ही जुळणी अडते. मोकळी तिसरी तार शुद्ध मध्यम घुमवीत राहते, आणि तीव्र मध्यमाला स्वतःच्याच घरात परके वाटते.

आता गंधाराचा तंटा. हा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण आम्हांला सर्वांत आवडीचा. तानपुऱ्याच्या खर्जात लक्ष देऊन ऐकले तर शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो; त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो सूर. गिटारच्या जाड तारेतही तो असतो. परंतु पडद्यांची जागा सप्तकाचे बारा समान भाग करून ठरविलेली आहे. एका अर्धस्वराचे शंभर भाग मानले, तर पडद्याचा गंधार षड्जापासून 400 भागांवर येतो आणि स्वयंभू गंधार 386 वर. चौदा भागांचा फरक. पंचमात हा फरक अवघा दोन भागांचा आहे, म्हणून तो खपून जातो. गंधाराचा खपत नाही. रूढ जुळणीत स्वरांच्या गर्दीत तो लपतो. येथे खालचे षड्ज सतत घुमत असतात, म्हणून पडद्याचा शुद्ध गंधार किंचित चढा, घाईत असल्यासारखा ऐकू येतो. उलट काफीतील कोमल गंधार पडद्यावर 300 भागांवर आहे आणि संवादी हिशेबाने तो 316 च्या जवळ हवा, म्हणजे पडदा उतरा आहे. उतरा सूर तार किंचित खेचून चढविता येतो. चढा सूर खेचून उतरविता येत नाही, कारण तार खेचली की ती चढतेच. म्हणून या जुळणीत काफी गोड लागते आणि खमाजाच्या गंधारावर फार वेळ थांबू नये, त्याला स्पर्श करून मध्यमाकडे निघावे, असे आमचे मत झाले आहे.

हा तंटा आपल्या प्रांताला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी करण्याचे प्रयत्न झाले. 1940 साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली, ती 1971 पर्यंत उठली नाही, आणि तेव्हाही अटींसहच. पेटीवर आरोप दोन होते, स्वर समान भागांचे आणि मींड नाही. पहिला आरोप गिटारलाही लागू आहे. दुसरा अर्धाच. पडद्यांवर तार खेचून थोडी मींड निघते, आणि पडदे टाळून तारेवरून दांडी फिरविली तर पूर्ण निघते. ब्रिजभूषण काब्रा यांनी तसे करूनच गिटारवर राग वाजविले. 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. पण तो मार्ग वेगळा. बोटांनी पडद्यांवर वाजविणाऱ्याने आपल्या वाद्याची मर्यादा ओळखून राहावे, आणि कोठे थांबावे हे तिला विचारावे.

या जुळणीवर एक आक्षेप घेतला जातो, तो खोटा नाही. तिच्यात सर्वच गाणी सारखी वाटू लागतात. षड्ज इतका प्रेमाने धरून ठेवतो की दुसऱ्या पट्टीत जाण्याचे धैर्य होत नाही. मानेवर कॅपो आवळून सर्व तारा एकदम चढविता येतात, दुसऱ्या पडद्यावर लावला तर षड्ज पांढऱ्या तीनवर जातो. पण ते घर बदलणे झाले, स्वभाव तोच राहतो. बेन्सुसाँने यावर दिलेले उत्तर आम्हांला पटते. तो या जुळणीला एखाद्या रंगासारखे वापरीत नाही, तिच्यातच सर्व पट्ट्यांत वाजवितो, आणि मोकळ्या तारा हव्या तेव्हा बोटाने गप्प करतो. पण त्याला त्यासाठी अनेक वर्षे द्यावी लागली. हौशी माणसाने काय करावे? आमचा सल्ला असा की महिनाभर एकच थाट घ्यावा, एकच चाल घ्यावी, आणि दुसऱ्या महिन्यात तारा परत चढवून तीच चाल रूढ जुळणीत शोधावी. मोकळ्या तारांनी दिलेले काय होते आणि आपण मिळविलेले काय, ते तेव्हा कळते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट, कारण व्याख्यानानंतर ती हमखास विचारली जाते. तारा उतरवून चढवून तुटतात का? उतरविताना तुटत नाहीत. चढविताना जुनी, गंजलेली पहिली तार तुटू शकते, म्हणून चढविताना चेहरा गिटारवर वाकवू नये आणि खुंटी सावकाश फिरवावी.

आता ही गिटार आम्ही याच जुळणीत येथे टेबलावर ठेवतो. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाले की ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी पुढे यावे. आधी नुसत्या मोकळ्या तारा छेडाव्या, मग चौथीच्या दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवावे. लहान मुलांना आधी येऊ द्यावे. त्यांना घरी लवकर जायचे असते.

(यानंतर वक्त्यांनी खमाज थाटातील आयरिश चाल सुमारे सहा मिनिटे वाजवून दाखविली.)